निवृत्तीनंतर मोटरहोम घ्यावी का? हिशेब मांडतोय, चुका दाखवा

यवतेश्वर_पायथा (धागाकर्ता, सातारा)

नमस्कार मंडळी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, वय ६१. बायको माध्यमिक शाळेत शिक्षिका होती, ती यंदा मे अखेरीस मोकळी झाली. मुलगी बंगळुरूला, तिच्या संसारात सुखात आहे. दोघांच्या तब्येती आज तरी धड आहेत. नोकरीत असताना आमचं फिरणं म्हणजे दिवाळीत चार दिवस, तेही कुणाच्या तरी लग्नाला जोडून. पावसाळा तर सगळा धरणावरच जायचा. त्यामुळे आता निघायचं तर परतीची तारीख न ठरवता निघायचं, असं दोघांनी बोलून ठेवलंय.

म्हणून मोटरहोम, म्हणजे आत पलंग, ओटा, संडास असलेली गाडी. दोन ठिकाणी जाऊन पाहून आलो. नवी घेतली तर टेम्पो ट्रॅव्हलरच्या चॅसीवर पूर्ण बांधणीचं कोटेशन ३४ लाखांचं आलं, पासिंग आणि विमा वेगळा. दुसरी जुनी आहे, चार वर्षं वापरलेली, ४८ हजार किलोमीटर झालेली, मालक २१ लाखांना द्यायला तयार आहे. पैसे ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरणाचे, बँकेत पडून आहेत. पेन्शनवर घर चालतं, कर्ज नाही.

बंगल्याचं फाटक नऊ फुटी, गल्ली त्याहून थोडी रुंद. गाडी आत येईल, पण वळेल का याची खात्री नाही. ज्यांनी अशी गाडी वापरली आहे, किंवा घ्यायची म्हणून सोडून दिली आहे, त्यांनी खरे आकडे सांगावेत. कोटेशनवर छापलेले नकोत.

कृष्णाकाठ (सांगली)

बँकेत ३४ वर्षं कर्जखात्यावर काढली, म्हणून आधी पैशाचंच बोलतो.

गाडीची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. जुनी गाडी धरू. तेच २१ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,७२,२०० रुपये व्याज मिळतं. दर तिमाहीला ४३,०५० रुपये खात्यात जमा, मुद्दल शाबूत. (एका माणसाला कमाल ३० लाख ठेवता येतात. व्याजावर प्राप्तिकर लागतो, तो इथे धरलेला नाही.) गाडी घेतली की हे उत्पन्न थांबतं. ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही, म्हणून माणसं हिशेबात धरत नाहीत.

आता घसारा. सहा वर्षांनी तुम्ही ६७ चे असाल, गाडी दहा वर्षांची. १० लाख आले तर चांगलेच आले म्हणायचं. म्हणजे वर्षाला साधारण १.८ लाख गेले. विमा ४५ हजार, सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ५० हजार, उभी करायला जागा भाड्याने घेतली तर ३ हजार महिना. हे माझे अंदाज आहेत, तुमचे घाला. बेरीज ४ लाख ८३ हजारांच्या आसपास जाते, आणि यात डिझेलचा थेंब नाही.

वर्षातून ६० रात्री गाडीत झोपलात तर एका रात्रीला ८ हजार. १२० रात्री झोपलात तर ४ हजार. नव्या गाडीला हेच गणित जवळपास दीडपट करा.

डिझेल त्यावर. गाडी लिटरला नऊ किलोमीटर देते असं धरा. ९१ रुपयांच्या भावाने किलोमीटरला दहा रुपये पडतात. सहा हजार किलोमीटर फिरलात तर ६० हजार.

गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. वर्षात किती रात्री, हा आकडा आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग एकमेकांना दाखवा.

यवतेश्वर_पायथा

साहेब, मनापासून आभार. व्याजाचा मुद्दा खरंच माझ्या डोक्यात नव्हता. कागदावर लिहायचं काम आज जेवणानंतर केलं. मी ९० लिहिले. तिने २५.

मिरज_जंक्शन (मिरज)

माझ्याकडे २०२० पासून आहे. वर्षाला शंभरच्या वर रात्री होतात, त्यामुळे वरचं गणित मला झेपतं. पण गाडी घरी उभी असते त्या अडीचशे दिवसांबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून ते आधी सांगतो.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट सगळं पाण्याखाली. मी गाडी घेतली तेव्हा स्वस्त म्हणून सांगलीत कर्नाळ रोडला एका मोकळ्या प्लॉटवर लावत होतो. २०२१ च्या जुलैत पाणी चढू लागलं, तेव्हा पहाटे तीनला जाऊन काढली. पूर्ण गाडी बुडाली असती तर नुसतं इंजिन गेलं नसतं. खालची लिथियमची बॅटरी, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, फर्निचरचं प्लाय, सगळंच गेलं असतं. तेव्हापासून मिरजेच्या उंचावर शेडमध्ये असते, महिना ३,५००. साताऱ्याला पुराची भीती नाही, पण तुमच्याकडचा पाऊस चार महिने छतावर बसतो आणि मोटरहोमला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

छताला खिडकी असते, एसीचं भोक असतं, सोलरच्या पट्ट्यांचे स्क्रू असतात. प्रत्येक भोकाभोवतीचं सीलंट उन्हाने कडक होतं आणि फुटतं. पाणी थेंब थेंब आत जातं, पत्रा आणि आतल्या पॅनेलच्या मध्ये मुरतं. बाहेरून काही कळत नाही. वर्षभराने पॅनेल फुगतं तेव्हा कळतं. मी दरवर्षी मे महिन्यात स्वतः छतावर चढून जुनं सीलंट खरवडून नवं भरतो. तुम्ही बघायला जाल ती जुनी गाडी पावसात बघा, उन्हात नको. कोपऱ्यांतलं प्लाय अंगठ्याने दाबून बघा. ओल असेल तर बोट रुततं.

टायर. गाडी कमी पळते म्हणून टायर टिकतात, हा मोठा गैरसमज आहे. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी उभ्या गाडीचं रबर एका जागी दबून चिरतं. पाच-सहा वर्षांनंतर मी घाटात त्यावर विश्वास ठेवत नाही. मागे जोडटायर असतील तर सहा टायर आणि स्टेपनी एकदम बदलायची तयारी ठेवा.

उंदीर. शेडमध्ये उभी गाडी म्हणजे त्यांना तयार घर. एकदा पंपाची वायर कुरतडली होती, ती शोधायला इलेक्ट्रिशियनला दीड दिवस लागला. आता गाडीत अन्नाचा कण ठेवत नाही आणि आठवड्यातून एकदा जाऊन वीस मिनिटं इंजिन चालवतो, दारं उघडून ठेवतो.

आता विमा, आणि हे नीट वाचा. मला गाडी विकणाऱ्याने आतलं फर्निचर बसवून दिलं, पण आरसीवर बॉडीचा प्रकार जुनाच राहिला. दीड वर्षाने आंबा घाटात मागून ट्रकने ठोकलं. विमा कंपनीचा माणूस आला, आत बघितलं, आणि कागदावरची गाडी आणि समोरची गाडी वेगळी आहे म्हणून दावा अडकवला. ९४ हजार खिशातून गेले. त्या वेळी कंपनीचा मला फार राग आला, पण कागद माझेच चुकीचे होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं हेच सांगतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय की निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत आरसीशी विसंगत बदल चालणार नाहीत. आरसीवर काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

बॉडीवाला_कराड

मी २८ वर्षं बॉडी बांधणीच्या कामात हाय. ॲम्बुलन्स केल्या, शाळेच्या बस केल्या, अलीकडं दोन मोटरहोमचं आतलं काम केलं. मिरजकरांनी कागदाचं सांगितलं ते बरोबर. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हंजे मोटरहोमसाठीच, वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. बांधणारा माणूस त्याचं प्रमाणपत्र देतो का आणि आरटीओत गाडी त्याच नावाने पास होते का, हे दोन प्रश्न आधी. तुमची एमएच-११ ला होणार का कराडला एमएच-५० ला, ते पत्त्यावर ठरंल. टॅक्स किती बसंल ते तिथंच जाऊन लेखी घ्या, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

दुसरं वजन. लोक म्हणतात सागवानी कपाट करा, ग्रॅनाइटचा ओटा करा. अहो, ती गाडी हाय. १५० लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, ते पळताना हिंदकळतं. टाकी मागच्या टोकाला लावली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग लागत नाही. टाकी ॲक्सलच्या जवळ पाहिजे. एका बाजूला फ्रिज, ओटा, बॅटरी सगळं आलं की त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसतात, गाडी उभी असतानाच तिरकी दिसते.

जुनी गाडी घेताना एक करा. पाणी, डिझेल पूर्ण भरून, दोघंही आत बसून, वजनकाट्यावर न्या. आपल्याकडं उसाच्या गावात काटा शोधावा लागत नाही. आधी पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग मागची, मग पूर्ण. आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. जास्त भरलं तर ती गाडी सोडून द्या. घाटात ब्रेक तापले की मग कुणाला सांगणार?

आणि गॅस. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद, खालून बाहेर हवा जायला जाळी. हा गॅस जड असतो, खाली बसतो. ती जाळी नसंल तर मी गाडीत पाऊलसुद्धा ठेवत नाही.

मेणवली_घाट (वाई)

इतका वेळ वाचतेय. पत्रा झाला, पाटे झाले, व्याज झालं. तुमच्या बायकोने २५ का लिहिले, हे कुणीच विचारलं नाही.

मी ६४ वर्षांची. आम्ही दोन वर्षांपूर्वी अशी गाडी भाड्याने घेऊन अकरा दिवस गेलो होतो. माझ्या यजमानांना रोज नवं गाव दिसत होतं आणि मला रोज तोच ओटा, त्याहून लहान. घरी निदान मावशी येते भांड्यांना. तिथे पाणी मोजून वापरायचं म्हणून भांडीही मीच घासायची, तीही वाटीभर पाण्यात. सकाळी नाश्ता, दुपारी डबा, संध्याकाळी चहा, रात्रीचं जेवण. मी त्यांना चौथ्या दिवशी सांगितलं की तुम्ही निवृत्त झालात, मी नाही झाले. त्यांना वाईट वाटलं, पण कळलं.

गुडघ्यांचंही बोलते. दारातली पायरी फार उंच होती, दिवसातून वीस वेळा चढ-उतर. पलंग भिंतीला लागून, म्हणजे आत झोपलेल्याने रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. या वयात रात्री दोनदा उठावं लागतं, लाजायचं काय त्यात. दोघांनाही आपापल्या बाजूने उतरता येईल असाच पलंग बघा. आणि संडासाची कॅसेट, म्हणजे खाली मैला जमा होतो ती पेटी. भरली की सतरा-अठरा किलो होते. ती ओढून बाहेर काढायची, उचलून न्यायची, रिकामी करून धुवायची, दोन-तीन दिवसांनी एकदा. ती कोण उचलणार आणि कुठे रिकामी करणार, हे घरातच ठरवून निघा. ओढ्यात किंवा नदीत ओतायची नाही. माझं अर्धं आयुष्य कृष्णेच्या घाटावर गेलंय, म्हणून हे हात जोडून सांगते.

धागाकर्त्यांनो, तुमच्या बायकोला या धाग्यावर लिहायला सांगा.

कोयनाकाठ_डॉक्टर (पाटण)

मेणवलीच्या ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं.

माझा मुद्दा वाहन चालवण्याचा. परवाना: साडेसात टनांपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते, त्यामुळे तुमचा नेहमीचा परवाना चालेल. पण ५५ नंतर नूतनीकरण दर पाच वर्षांनी, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र. हे सही-शिक्क्याचं काम आहे असं समजू नका. मोतीबिंदू सुरू झाला की रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. कुंभार्ली घाटात पावसाळी रात्री ते जिवावर बेतू शकतं. माझा सल्ला स्पष्ट आहे: सूर्य मावळल्यावर चालवायचं नाही, आणि दिवसाला १५०-२०० किलोमीटरपुरतंच.

दुसरा चालक. वहिनी चालवतात का? नसतील तर त्यांनी आता शिकावं, निदान गाडी रस्त्याकडेला सुरक्षित लावण्यापुरतं. दोघंच दूर कुठेतरी आहात आणि चालवणाऱ्याच्या छातीत दुखू लागलं, तर?

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी: न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. गाडीतला फ्रिज रात्री बॅटरी संपून बंद पडला तर सकाळी कळतं. फ्रिजमध्ये छोटा थर्मामीटर ठेवा.

लालपरी_प्रवासी (कोरेगाव)

माझं वय ७६. राज्यात एसटीने फिरतो, २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. ६५ च्या पुढे निम्मं, आणि बायकांना २०२३ पासून कुठल्याही वयात निम्मं. रेल्वेची सवलत मात्र २०२० ला गेली ती गेलीच, त्याचं वाईट वाटतं. गेल्या वर्षी अक्कलकोट, तुळजापूर, माहूर, शेगाव केलं, भक्तनिवासात राहिलो. कुणाला कमी लेखत नाही, आपापली हौस. पण बदल्यात मला गाडी कुठे लावू याची चिंता नव्हती, ही गोष्ट हिशेबात धरा.

हरिपूर_संगम (सांगली)

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने होतो, तेव्हा यलोस्टोनला मोटरहोमने गेलो. फिशिंग ब्रिज नावाचा तळ आहे, तिथे प्रत्येक गाडीच्या जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. अस्वलांमुळे तिथे कापडी तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतीची गाडीच लागते. नळी जोडली की घर सुरू. त्या देशात मोटरहोम चालते ती अशा तळांच्या जाळ्यावर. गाडी आपल्याकडेही तशीच बांधतील, पण ती नळी कुठे जोडणार?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कागदावर चांगलं आहे. तळ तयार होईपर्यंत आपल्याला ढाबा, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय आणि ओळखीचं अंगण यावरच भागवायचंय.

विटेकर_गलाई (विटा)

हरिपूरकरांच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धं उत्तर आहे.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. माझं स्वतःचं दुकान ३१ वर्षं कोइमतूरला होतं. मोठ्या पेठेच्या गावात सराफ गल्लीत शिरा आणि मराठीत हाक मारा, बहुतेक ठिकाणी कुणीतरी मागे वळून बघेल. मी निवृत्त झाल्यावर मित्राच्या गाडीतून दक्षिण केली तेव्हा अकरापैकी सात रात्री गलाईवाल्यांच्या दारात काढल्या. पाणी मिळालं, विजेची वायर मिळाली, आणि न मागता भाकरी मिळाली.

केरळने २०२१ मध्येच कॅराव्हॅनसाठी धोरण आणलं आणि पहिला तळ वागमोनला केला. पण केरळात रस्ते अरुंद आणि गाव संपतच नाही, मोकळं मैदान दिसत नाही. पहिल्या प्रवासाला केरळ नको. पठारावरचा कर्नाटक सोपा, रस्ते रुंद, माणसं शांत.

विजेचंही सांगतो, कारण विकणारा हमखास एसी दाखवतो. १२ व्होल्टची २०० ॲम्पिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे दोन-अडीच तास. छतावर ४०० वॉटचं सोलर असेल तर चांगल्या उन्हाच्या दिवसाला दीड-पावणेदोन युनिट भरून येतात, तेही गाडी उन्हात उभी केली तर. सावलीत लावली तर वीज नाही, उन्हात लावली तर आत भट्टी. रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरून वायर जोडावीच लागते. म्हणून आमच्या भागातल्या माणसाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच महिन्यांत फिरावं. एवढं मान्य केलं की पंखा आणि जाळीची खिडकी पुरते.

यवतेश्वर_पायथा

सगळ्यांचे प्रतिसाद आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचले, काही दोनदा. मेणवलीच्या ताईंचा प्रतिसाद वाचून ती उठून आत गेली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. एवढंच म्हणाली, "आधी भाड्याने."

तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठ रात्रींसाठी गाडी घेतली, रोज ९ हजार. आज परत केली. डोक्यात ताजं आहे तोवर लिहितो.

मार्ग: सातारा, कराड, पाटण, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर, तवसाळहून फेरीबोटीने जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, आंबा घाटाने वर, कोल्हापूर, परत. ६१० किलोमीटर, डिझेल ६९ लिटर. पहिल्या दिवशी कुंभार्लीत मी खांद्यापर्यंत आखडलो होतो. चारचाकी मी ३० वर्षं चालवतोय, पण ही गाडी वळणावर मागून बाहेर फेकली जाते आणि पाठीमागचं काही दिसत नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून आलो, ब्रेक फार वापरला नाही. फेरीबोटीवर चढताना मागचा भाग रॅम्पला घासला, चार हजार अनामतीतून गेले. चूक माझी, तिथला माणूस तिरकी घ्या म्हणून ओरडत होता.

गुहागरच्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांत गाडी नेण्याचा प्रयत्न करू नका. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि वर झाडांच्या फांद्या आणि केबल. अर्धा किलोमीटर रिव्हर्स आलो, बायको मागे उतरून चालत दिशा दाखवत होती. गावातल्या दोघांनी मदत केली.

पाणी दोघांना दिवसाला ४५ लिटर लागलं, आंघोळ बादलीभर गरम पाण्याने धरून. टाकी तीन दिवस पुरायची. कॅसेट तीनदा रिकामी केली, तिन्ही वेळा मी, तिन्ही वेळा संडास असलेल्या ठिकाणी विचारून आणि पैसे देऊन. सहाव्या रात्री रत्नागिरीत लॉजवर गेलो, कारण दोन रात्री डासांनी आणि हायवेच्या आवाजाने झोप झाली नव्हती. टोलबद्दल: फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला आहे. आमची गाडी मिनीबसच्या वर्गात होती, त्यामुळे दरही जास्त. घ्यायची असेल त्यांनी टॅग कुठल्या वर्गाचा हे विचारावं.

आता तिचं ती लिहील.

यवतेश्वर_पायथा (सौ. लिहितेय)

नमस्कार. मेणवलीच्या ताई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत.

निघताना आमचं ठरलं होतं की दुपारचं जेवण बाहेर, भांडी ते घासतील, आणि सकाळचा पहिला चहा ते करतील. आठही दिवस पाळलं. त्यामुळे मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठून काहीच करायचं नव्हतं. जयगडच्या बाजूला गाडीचं मागचं दार उघडून बसले होते, समोर खाडी, मासेमारीच्या होड्या परत येत होत्या. तास दीड तास कुणी हाक मारली नाही. ते दिवस मला पुन्हा हवेत, हे मी खरंच सांगते.

पण रात्री अनोळखी जागी गाडी लावली की मला झोप येत नाही. बाहेर पावलं वाजली की जाग येते. कुणी ओळखीचं जवळ असलं की झोप येते. कपडे वाळत नाहीत, दमट वास राहतो. आणि माझी ८३ वर्षांची सासू वरच्या मजल्यावर आहे, तिच्यासाठी ठेवलेली बाई दहा दिवसांपलीकडे थांबत नाही. म्हणून मी २५ लिहिले होते. आताही २५ च लिहीन.

गाडी चालवायला शिकतेय. डॉक्टरांना धन्यवाद.

कृष्णाकाठ

वहिनी, तुमचा आकडा धरून गणित केलं. २१ लाख पोस्टात ठेवले तर मिळणाऱ्या १,७२,२०० मध्ये रोज ९ हजारांनी १९ दिवसांची गाडी भाड्याने येते. दरवर्षी. मुद्दल तिथेच. उरलेले सहा दिवस आणि डिझेल पेन्शनमधून. सासूबाईंचं आजारपण किंवा तुमचं काही निघालं तर पैसे मोडता येतात, थोडी रक्कम कापून. गाडी मात्र त्या आठवड्यात विकली जात नाही.

मिरज_जंक्शन

कृष्णाकाठ, २५ रात्रींना तुमचं बरोबर आहे, वाद नाही. माझ्यासाठी लिहितो: आमच्या घरी मागे कुणी नाही, मुलं परदेशी. स्वतःची गाडी असली की चादर आपली, डबे आपले, बायकोच्या औषधांचा कप्पा जागेवर. सकाळी सातला ठरवलं आणि नऊला निघालो, असं वर्षातून दहा-बारा वेळा होतं. भाड्याच्या गाडीत ते होत नाही. ते मला दोन लाख व्याजापेक्षा महाग वाटतं. धागाकर्त्यांनी तीन-चार वर्षांनी पुन्हा विचार करावा, तोवर जुन्या गाड्याही बाजारात जास्त येतील.

यवतेश्वर_पायथा

२१ लाखांच्या गाडीच्या मालकाला काल फोन करून नाही म्हटलं. सोमवारी पोस्टात जातोय.

फेब्रुवारीत नऊ रात्रींची गाडी सांगून ठेवली आहे. विजापूर, बदामी, पट्टदकल, हंपी, परत. रोज दीडशे किलोमीटरच्या आत. विटेकर, बदामीकडे आणि होस्पेटला रात्री ओळखीच्या जागी गाडी लागली तर हिला झोप लागेल. काही होऊ शकेल का?

विटेकर_गलाई

होस्पेटला आमच्या आटपाडीचे आहेत, दुकानामागे त्यांचं अंगण आहे, ट्रक वळतो एवढं. आजच बोललो, या म्हणालेत. पाणी बोअरचं, थोडं खारट, प्यायचं वेगळं भरून घ्या. बदामीत माझं कुणी नाही, पण बागलकोटला आहे, तिथून बदामी तासाभरावर. तारखा व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि वहिनींना विचारा, होस्पेटवाल्यांच्या घरी पाच-सहा वर्षांची दोन मुलं आहेत, मराठी वाचायला शिकवायला कुणी मिळत नाही म्हणत होते. दोन दिवस राहणार असाल तर अंकलिपी घेऊन जा.